स्टील गिटारच्या झिजलेल्या चाव्या

1950च्या सुमाराची अमेरिकन स्टील गिटार आज पाहिली तर लाकूड आणि तारांखालचा पत्रा बऱ्याचदा शाबूत दिसतो. काळाचा मार बसलेला असतो तो चाव्यांना. तारा ताणायच्या या चाव्यांची एके काळची पांढरी बोंडं मधासारखी पिवळी पडून आक्रसलेली असतात आणि जरा जोर देऊन पिळली की बोटांत भुगा येतो. आत गंजलेलं दातेरी चाक असतं. चावी पाव फेरा फिरवली तरी तार जागची हलत नाही, आणि मग एकदम उडी मारून सुराच्या पुढे जाते. अशा चाव्या काढून नव्या बसवाव्यात का, यावर दोन तट आहेत. संग्राहकांच्या मते मूळ भाग काढला की वाद्याचं मोल गेलं. वादकांच्या मते जे सुरात राहत नाही ते वाद्यच नव्हे. मी वादकांच्या बाजूचा आहे, आणि माझं कारण निव्वळ सोयीचं नाही. या वाद्याचा इतिहासच सांगतो की चावी हा इथे झिजण्यासाठी आणि बदलण्यासाठी बसवलेला भाग आहे. जपायचं ते लाकूड आणि त्यातलं मूळ मापाचं भोक.

साध्या गिटारवर सूर बदलण्याचं काम डाव्या हाताची बोटं करतात. एक बोट इथे, दुसरं तिथे, असा आकार धरला की स्वरमेळ तयार होतो. स्टील गिटारवर ही सोय नाही. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुजलेल्या या पद्धतीत, जी जोसेफ केकुकूच्या नावाशी जोडली जाते, गिटार मांडीवर आडवी ठेवतात, तारा पट्टीपासून उंच उचलतात आणि पोलादाची कांडी वरून सरकवतात. ही कांडी सरळ असते. ती सगळ्या तारांवर एकाच रेषेत बसते. म्हणून मोकळ्या तारांमध्येच स्वरमेळ आधी लावून ठेवावा लागतो, आणि तो मेळ नको असेल तर तारा पुन्हा लावाव्या लागतात. दुसऱ्या गिटारवर बोटांनी केलेलं काम इथे चावीच्या वाट्याला येतं. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनातून हवाईयन संगीताचं वेड अमेरिकाभर पसरलं. पुढच्या दोन-तीन दशकांत वादकांनी मेळामागून मेळ शोधले. सोल होओपीने विजेच्या गिटारवर सी शार्प मायनरचा मेळ वापरला, जेरी बर्डच्या नावाशी सी सिक्स्थ कायमचा जोडला गेला. एक मेळ सोडून दुसरा लावायचा म्हणजे दर वेळी काही चाव्या पिळायच्या. साध्या गिटारची चावी एकदा सूर लावून स्वस्थ बसते, हिला तसं बसता आलं नाही.

त्या काळच्या कारखानदारांनाही ही अडचण दिसत होती, आणि त्यांनी काढलेले उपाय माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत. लॉस एंजेलिसमध्ये 1932च्या सुमारास बाजारात आलेली रिकेनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. मंचावरच्या दिव्यांनी ती तापे, धातू प्रसरण पावे आणि लावलेला सूर हले. काही वर्षांतच बेकलाइटची गिटार आली. मेळ बदलण्याचा त्रास वाचावा म्हणून एकाच चौकटीवर दोन, तीन, चार गळे बसवले गेले. फेंडरची 1953ची स्ट्रिंगमास्टर चार गळ्यांचीही मिळे, आणि प्रत्येक गळ्याला आठ तारा म्हणजे एका वाद्यावर बत्तीस चाव्या! त्याच वर्षी बड आयझॅक्सने वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात तार वाजत असतानाच पायाने पेडल दाबून तिचा स्वर चढवला. मेळ बदलण्याचं काम हातातून पायात गेलं आणि पेडल स्टीलचं युग सुरू झालं. हा सगळा प्रवास तार ताणण्याच्या यंत्रणेत केलेल्या बदलांचा आहे. ज्या वाद्याच्या घडणीतच ही यंत्रणा दर दहा वर्षांनी पालटली, त्याची एका विशिष्ट वर्षाची चावी पवित्र मानायला मला आधार दिसत नाही.

चावी काढताना तिची रचनाही हेच सांगते. मळसूत्री दांडा फिरतो, तो दातेरी चाकाला पुढे ढकलतो, चाकाचा दांडा तार गुंडाळतो. मळसूत्र चाकाला फिरवू शकतं, पण चाक मळसूत्राला उलटं फिरवू शकत नाही, म्हणून आठ-दहा किलोंचा ताण असूनही तार सैल पडत नाही. सगळा भार दोन-तीन दात्यांवर येतो आणि तिथेच झीज होते. हे यंत्र डिंकाने चिकटवलेलं नसतं, बारीक स्क्रूंनी धरलेलं असतं. घडवणाऱ्याने ते निघावं म्हणूनच तसं बसवलं. बोंडांचं दुखणं वेगळं. सेल्युलॉइडच्या घराण्यातलं ते प्लास्टिक आपोआप विघटित होतं, आणि त्यातून सुटणारी आम्लं शेजारचा धातूही खातात. फाळक्यांच्या काळातल्या सिनेमाच्या फिल्म याच घराण्यातल्या नायट्रेटच्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरी अशाच नासल्या. यंत्र चांगलं असेल तर फक्त बोंड बदलावं: जुन्याचे तुकडे पडू द्यावेत, दांड्याचं चपटं टोक सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवावं आणि नवं बोंड हलकेच सरळ दाबावं. प्लास्टिक वितळून आपली जागा स्वतःच करून घेतं. जिथे एवढ्यावर भागतं तिथे अख्खी चावी काढण्याची घाई चूक आहे. दाते गेले असतील तर मात्र तेल घालून काही होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की जुनी चावी हा दस्तऐवज आहे. शिकागोच्या क्लुसन कंपनीच्या चावीच्या झाकणावर नाव कसं ठोकलंय, एका ओळीत की दोन, यावरून जाणकार वाद्याचा काळ ठरवतात. आक्षेप खरा आहे, पण दस्तऐवज वाचायला तो गिटारला टांगलेलाच असावा लागत नाही. काढलेल्या चाव्या आणि त्यांचे स्क्रू एका पिशवीत घालून पेटीत ठेवले की पुरावा तसाच राहतो, उलट आणखी झिजत नाही. दुसरा आक्षेप नादाचा: जड चावीने डोक्याचं वजन वाढतं आणि आवाज बदलतो. पण स्टील गिटारवर पडदा नाही, कांडी नेमकी कुठे थांबली हे फक्त कानाने ठरतं. मोकळी तारच घसरत असेल तर कान कशाला जुळवणार? वजनातल्या फरकापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं आहे. आपल्याकडे मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा गेला की खुंटी घासून बसवतात, नाहीच बसली तर नवी करतात, जवारी पुन्हा काढतात. त्या तंबोऱ्याला कुणी कमअस्सल म्हणत नाही, कारण त्याची ओळख भोपळ्यात आणि दांडीत आहे, असं सगळे धरून चालतात.

खरं नुकसान दुसरीकडे होतं. क्लुसनच्या चावीसाठी पाडलेलं भोक सुमारे पावणेनऊ मिलिमीटरचं असतं, नंतरच्या बंद पेटीच्या चाव्यांना दहा मिलिमीटर लागतं. 1960–70च्या दशकांत सरसकट बरमा चालवून भोकं मोठी केली गेली, मागे स्क्रूंची नवी छिद्रं पाडली गेली. गेलेलं लाकूड परत येत नाही. जुन्या मापाच्या चाव्या आता पुन्हा बनतात, तेव्हा बरम्याला हात लावण्याचं कारणच उरलेलं नाही. मग ब्रिजभूषण काब्रांनी हवाईयन गिटारला चिकारी चढवली, विश्वमोहन भट्टांनी मोहन वीणेला तरफांसकट वीस तारा आणि तरफांच्या चाव्यांसाठी गळ्याला वेगळी पट्टी जोडली, ते काय? ते नवं वाद्य घडवणं होतं, विचारपूर्वक, आणि त्यातून रागसंगीताला एक आवाज मिळाला. दुरुस्तीला आलेल्या गिटारला मात्र नवं वाद्य व्हायचं नसतं. तिच्यासाठी आधी भोकाचं माप घ्यावं, मग चावी मागवावी. जुना स्क्रू अडला तर त्याच्या डोक्याला गरम इस्त्री टेकवून तो सैल होईपर्यंत थांबावं, कारण तुटलेला स्क्रू काढायला जे लाकूड कोरावं लागतं ते त्याच जागेचं असतं जिथे नवी चावी बसायची आहे.