‘मूनलाइट सोनाटा’ कोणत्या पट्टीत आहे? पेटीवर शोधा, काळी एक

उदास रीलच्या मागे हमखास वाजणारी पियानोची ती संथ धून बीथोव्हेनची आहे. १८०१ मधली ही रचना ‘मूनलाइट सोनाटा’ म्हणून ओळखली जाते. गाण्यांची माहिती देणाऱ्या ॲपवर तिच्यापुढे तीन गोष्टी दिसतात: की, टेम्पो आणि मूड. यातली पहिली पक्की असते, दुसरी अंदाजे आणि तिसरी बऱ्याचदा फसवी.

‘की’ म्हणजे आपली पट्टी. ॲपवर ‘सी शार्प मायनर’ दिसते. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला विचारलं तर तो याला ‘काळी एक’ म्हणेल. मायनर म्हणजे ढोबळमानाने कोमल गंधाराचा रंग. पेटीवर काळी चार, काळी एक आणि पांढरी तीन हे सूर खालून वर, एकामागून एक दाबत राहा. धून लगेच ओळखू येईल.

आता पांढरी तीन सोडून पांढरी चार दाबा. कोमल गंधार शुद्ध झाला, म्हणजे मायनरचं मेजर झालं. सोनाट्याचा छोटासा दुसरा भाग याच मेजरमध्ये आहे. कागदावर त्याला ‘डी फ्लॅट’ लिहितात, पण पट्टी तीच, काळी एक. एका बोटाच्या फरकाने उदासी हलकी होते.

मग मूड पट्टीवरून ठरतो का? तिसरा भाग ऐकला की हे उत्तर कोसळतं. पट्टी पुन्हा सी शार्प मायनर, सुरुवातीला पुन्हा त्याच तीन स्वरांची तोडमोड, पण लय अतिद्रुत. ऐकणाऱ्याला वादळात सापडल्यासारखं होतं. ‘शांत, उदास’ हे लेबल फक्त पहिल्या भागाचं, आणि रीलवाले तेवढंच वापरतात!

लयीचा घोळ

पहिल्या भागावर बीथोव्हेनने ‘अडाजिओ सोस्तेनुतो’, म्हणजे संथ आणि धरून ठेवलेलं, असं लिहिलं. मिनिटाला किती ठोके, हा आकडा दिला नाही. मेट्रोनोमचं पेटंटच १८१५ चं. शिवाय त्याने चार ठोक्यांचं आवर्तन दोनात मोजायला सांगितलं आहे, म्हणजे फार रेंगाळायचं नाही. बहुतेक वादक पहिल्या भागाला साडेपाच ते साडेसहा मिनिटं घेतात. ग्लेन गूल्डने तो सुमारे सव्वाचार मिनिटांत संपवला. एका ठोक्यात तीन स्वर येत असल्याने ॲपची मोजणीही कधी कधी घसरते आणि संथ भागापुढे भलताच मोठा आकडा दिसतो.

चांदणंही बीथोव्हेनचं नाही. लुडविग रेलश्टाब या जर्मन समीक्षकाने पहिल्या भागाची तुलना लुसर्न सरोवरावरच्या चांदण्याशी केली आणि ते नाव चिकटलं. स्वतः बीथोव्हेनने याला ‘जवळपास फँटसीसारखा सोनाटा’ म्हटलं होतं.

रीलवरची ‘स्लोड’ आवृत्ती पेटीशी जुळेलच असं नाही. सूर न सांभाळता वेग सुमारे ६ टक्क्यांनी उतरवला, की पट्टी एक घर खाली येते आणि काळी एकची पांढरी एक होते. मूळ पट्टी तपासायची तर वादकाचं नाव दिलेलं पूर्ण रेकॉर्डिंग लावावं.