हनोईच्या चुलीवरचा विलायती पाव



आमच्या गटातल्या एका ताईंची लेक सुट्टीला गावी आली होती. ती शहरात हॉटेलचं शिक्षण घेते. तिला अभ्यासाला प्रश्न आला होता, 'व्हिएतनामच्या हनोई शहरात चांगलं फ्रेंच जेवण देणारं हॉटेल कसं शोधाल?' आम्ही आधी हसलो. हनोई कुठे, फ्रान्स कुठे आणि भाकरी थापणाऱ्या आपण कुठे! मग एकीने विचारलं, "अगं, पण त्या लोकांच्या शहरात फ्रेंचांचं जेवण आलंच कसं?" आज तीच गोष्ट सांगायची आहे.

व्हिएतनाम हा भाताचा देश. हनोई त्याची राजधानी, उत्तरेला तांबड्या नदीच्या काठी वसलेली. पावाला लागणारा गहू तिथे पिकत नाही. गाईम्हशींचं दूध-लोणी खाण्याचीही तिथे रीत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचांनी हा देश टप्प्याटप्प्याने जिंकला. १९०१ मध्ये हनोईत मेट्रोपोल नावाचं मोठं हॉटेल उघडलं. ते आजही आहे. १९०२ मध्ये फ्रेंचांनी हनोईला आपल्या सगळ्या इंडोचायना मुलखाची राजधानी केलं.

आलेल्या साहेबांना स्थानिक जेवणाची भीती वाटायची. खाल्लं तर आजारी पडू, शिवाय आपला मान जाईल, असं त्यांना वाटे. म्हणून आगबोटीने डबे यायचे. भाज्यांचे डबे, मांसाचे डबे, आटवलेल्या गोड दुधाचे डबे. बाहेर ताजी भाजी विकायला बसलेली आणि साहेबाच्या ताटात डब्यातला वाटाणा! पण डबा फोडायचा कोणी? चूल कोणी पेटवायची? ते काम तिथल्याच माणसांचं. घरगड्याचं वय कितीही असो, साहेब त्याला 'बॉय' म्हणून हाक मारायचा. फ्रेंच रस्सा, पाव, कलेजीचं वाटण हे सगळं या माणसांनी मागच्या दाराने शिकून घेतलं.

नव्या जिनसांना लोकांनी नावंही आपल्या पद्धतीने दिली. व्हिएतनामी भाषेत 'ताय' म्हणजे पश्चिमेकडचं, म्हणजे आपलं 'विलायती'. आपण नाही का विलायती चिंच म्हणत? तसा बटाटा झाला विलायती कंद, मोठा कांदा झाला विलायती कांदा. ॲस्परॅगस नावाच्या भाजीचे कोवळे कोंब बांबूच्या कोंबांसारखे दिसले, म्हणून ते झाले विलायती वास्ते. पावालाही आधी विलायतीच म्हणत. पुढे तो अंगवळणी पडला आणि 'बान मी', म्हणजे गव्हाची पोळी, असं त्याचं घरचं नाव झालं. आपल्याकडेही पाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. बटाटा आणि चावीही त्यांच्याकडूनच. आज वडापाव खाताना आपल्याला पोर्तुगाल आठवतं का?

पण मैत्रिणींनो, या जेवणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पोल दूमेर नावाचे फ्रेंच गव्हर्नर जनरल १८९७ ते १९०२ या काळात तिथे होते. त्यांनी मीठ, दारू आणि अफू यांचा मक्ता सरकारकडे घेतला. मिठागरात राबणाऱ्याकडून सरकार स्वस्तात मीठ घ्यायचं आणि त्यालाच ते महाग विकायचं. तांदळाची दारू घरोघरी गाळली जायची, पूर्वजांच्या पूजेत ठेवली जायची. तीही गुन्हा ठरली. दारू सरकारमान्य कारखान्याचीच घ्यायची, असा हुकूम झाला. या मक्त्यांच्या पैशावर कारभार चालला. मिठाचा अन्याय आपल्याला वेगळा सांगायला नको. १९३० मध्ये आपल्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला होता.

सगळ्यात वाईट वेळ आली ती १९४४-४५ मध्ये. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि जपानी सैन्य देशात होतं. शेतकऱ्यांकडून सक्तीने तांदूळ गोळा केला गेला. काही शेतांत भाताऐवजी ताग लावायला लावला. दक्षिणेतून तांदूळ आणणारे रस्ते आणि रेल्वे बॉम्बहल्ल्यांनी तुटले. त्यात हवामानानेही पीक बुडवलं. उत्तरेत भयंकर दुष्काळ पडला. मेलेल्यांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. भात पिकवणाऱ्या हातांनाच भात मिळाला नाही. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह मैदानात हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या पोटात ही भूक ताजी होती.

त्याच टंचाईच्या काळातली एक युक्ती ऐका. मेट्रोपोलमध्ये काम करणारे न्गुयेन व्हान झांग यांना कॉफीत घालायला दूध मिळेना. त्यांनी अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर खूप फेटला आणि कॉफीवर घातला. साल १९४६. ही अंड्याची कॉफी आज हनोईची ओळख आहे.

स्वातंत्र्य जाहीर झालं तरी फ्रेंच सहजी गेले नाहीत. पुढे आठ-नऊ वर्षं लढाई झाली. १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथे त्यांचा पराभव झाला, आणि त्यांनी हनोई सोडलं. देशाचे दोन भाग झाले. उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले, आणि तिकडे सायगावच्या रस्त्यांवर भाजी-मांस भरलेला पाव गरिबांचं पोट भरू लागला. हनोईत मात्र पुढची बरीच वर्षं युद्ध, शिधापत्रिका आणि रांगा. फ्रेंच जेवणाची हौस कोणाला असणार? १९८६ मध्ये सरकारने धोरण बदललं, खासगी धंद्याला वाट दिली, आणि हॉटेलं पुन्हा उघडू लागली.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग. १९९० च्या दशकात हनोईतल्या काही निवृत्त शिक्षिका एकत्र आल्या. त्यांनी 'होआ सुआ' नावाची शाळा काढली. होआ सुआ म्हणजे सातविणीचं फूल, आपल्याकडे ज्याचा वास शरदात दरवळतो तेच झाड. अनाथ, गरीब आणि अपंग मुलामुलींना तिथे स्वयंपाक, बेकरी आणि शिवण शिकवलं गेलं. त्यात फ्रेंच स्वयंपाकही होता. शाळेच्या हॉटेलात मुलं रांधायची, वाढायची आणि हाताला कसब घेऊन बाहेर पडायची. एके काळी साहेबाच्या मागच्या दाराने आलेली विद्या आता ही मुलं पुढच्या दाराने, स्वतःच्या पोटासाठी शिकत होती.

मग त्या लेकीने उत्तर काय लिहावं? आम्ही मिळून ठरवलं. पाटीवरचं फ्रेंच नाव आणि पांढरे टेबलक्लॉथ यांवर जाऊ नकोस. आधी पाव मागव. तो त्याच दिवशीचा आहे का, कवच कुरकुरीत आहे का, ते बघ. मग साधं सूप घे. फ्रेंच स्वयंपाकाचा पाया म्हणजे हाडं आणि भाज्या मंद आचेवर उकळून काढलेला रस. तो नीट असेल तर पुढचंही नीट असतं. भाजी आजच्या बाजारातली आहे की डब्यातली, ते विचार. जुने साहेब नेमके इथेच चुकले होते. आणि शेवटी विचार, रांधतं कोण? ते कुठे शिकले? त्यांना पगार बरा मिळतो का? हॉटेल चांगलं की वाईट, हे या उत्तरावरही ठरतं.

आपले गट पोषण आहार शिजवतात, मेसचे डबे देतात, पापड-लोणची करतात. पुढच्या बैठकीत एवढंच बोला, आपल्या हातची कोणती विद्या अजून मागच्या दारातच उभी आहे? तिचं मोल आपण किती लावतो आणि घेणारा किती देतो? जे निघेल ते आम्हाला जरूर कळवा.