जमाव आला कीं लोक आले?

समूहवाचक नामांचें प्रकरण शाळा सुटल्यावर सहसा कोणी उघडून पाहत नाहीं. तथापि इतिहास लिहिणारास तें टाळतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

फ्रेंच भाषेंत गर्दीला ‘ला फुल’ म्हणतात. हें नाम एकटें आलें तर क्रियापद एकवचनी. मग गर्दी हजारोंची कां असेना. परंतु ‘माणसांची गर्दी’ अशी षष्ठीची जोड मिळाली, कीं वचन बहुधा लेखकाच्या दृष्टीवर सोंपविलेलें असतें. समुदायावर नजर असेल तर एकवचन, माणसांवर असेल तर अनेकवचन. मराठींत ही मुभा क्रियापदाला नाहीं. ‘जमाव आला’ आणि ‘लोक आले’ यांत नामाबरोबरच वचन ठरून जातें. म्हणून आपल्याकडे खरी निवड होते ती शब्दाची.

या निवडीचें मोल वर्धा जिल्ह्यांतील आष्टीनें जाणलें आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ‘चले जाव’चा ठराव होऊन आठवडा झाला होता. गांवकरी पोलीस ठाण्यावर झेंडा लावावयास निघाले. गोळीबार झाला, गांवकरी पडले. क्षोभाच्या भरांत फौजदार व शिपाईही मारले गेले. त्याच दिवशीं चिमूर येथेंही असाच रक्तपात झाला.

पुढें खटल्यांत कायद्याचें व्याकरण लागू झालें. १८६० च्या पीनल कोडांत बेकायदेशीर जमावाला पांच माणसें पुरत. आणि १४९ व्या कलमान्वयें, समान उद्देश साधतांना एकानें केलेला अपराध जमावांतील प्रत्येकाच्या माथीं येई. कर्ता एकवचनी, शिक्षा मात्र अनेकवचनी! कारण फांस जमावाच्या गळ्यांत बसत नाहीं, तो एकेकाच्याच गळ्यांत बसतो. दोन्ही गांवच्या अनेकांस फांशी फर्माविली गेली. त्यांच्यासाठीं अनसूयाबाई काळे यांनीं अविश्रांत खटपट केली, आणि अखेर उरलेल्या फांशीच्या शिक्षा १९४५ सालीं जन्मठेपेंत बदलल्या. तो प्रयत्न म्हणजे जमावांतून माणसें पुन्हां वेगळीं काढण्याचाच होता.

गौरवाच्या भरांत आपणही तेंच एकवचन वापरतों. ‘आष्टी पेटली’ म्हटलें कीं कोण निघाला, कोण पडला, कोणी आवरूं पाहिलें, हें सारें झांकून जातें. ठाण्यांतील मृत शिपाईही ‘पोलीस’ या एका शब्दांत विरतात. वाचकांनीं अशा दिवसाची हकीकत वाचतांना क्रियापदाचें वचन अवश्य पाहावें. लेखकानें माणसें पाहिलीं कीं नुसती गर्दी, हें तेथेंच कळतें.