आईच्या कडेवरचा उपचार

मेंदूच्या पक्षाघाताचा संबंध अडलेल्या बाळंतपणाशी आहे, असे लंडनचे शल्यवैद्य विल्यम लिटल यांनी १८६१ साली मांडले. आपल्याकडे मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली. १९८० साली बंगळूरातही तशीच संस्था निघाली. परंतु ही केंद्रे शहरात. बंगळूरहून के. आर. पुरममार्गे होसकोटे-कोलारकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्याकाठची खेडी घ्या. सहा वर्षांचे ताठरलेले मूल उचलून दर आठवड्यास शहर गाठायचे, म्हणजे आईची त्या दिवसाची मजुरी बुडाली. ते किती दिवस चालावे?

१९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने गावातल्या गावात पुनर्वसनाचा पुरस्कार केला, आणि उपचारकच दारी जाऊ लागले. त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती. या मुलांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. कडेवर घेतले की ते आपोआप दूर राहतात. आपल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत! दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवले की पाठीला आधार मिळतो. मेंदूची इजा भरून येत नाही. सांध्यांचे आखडणे मात्र पुष्कळ टाळता येते. त्यासाठी लागते ती रोजची खटपट, आणि ती उपचारक निघून गेल्यावरच सुरू होते.