बाली बेटावर पाहण्यासारखे काय आहे?

जावाच्या पूर्वेस, एका चिंचोळ्या सामुद्रधुनीपलीकडे बाली नावाचे बेट आहे. आकाराने ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही लहान. परंतु जगभरच्या प्रवाशांना त्याची ओढ वाटते. तेथे गेल्यावर काय पाहावे, याची यादी आता सर्वांना पाठ झाली आहे. समुद्रातील खडकावरचे तनाह लोटचे देऊळ, डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची भातशेते, उलुवाटूच्या कड्यावर सूर्यास्ताच्या वेळी होणारे केचक नृत्य, आणि सानुर व कुटा येथील समुद्रकिनारे. या यादीत खोटे असे काही नाही. तथापि एखादे स्थळ आपोआप प्रेक्षणीय होत नसते. कोणीतरी, केव्हातरी, काही हेतूने ते प्रेक्षणीय ठरवलेले असते. बाली हे ‘नंदनवन’ आहे असे गेल्या शतकात दोन वेळा ठरवले गेले, आणि दोन्ही वेळा त्याआधी तेथे भयंकर रक्तपात झालेला होता. तो इतिहास ठाऊक नसेल तर बाली पाहूनही न पाहिल्यासारखे होते.

१९०४ साली सानुरजवळ ‘श्री कुमाला’ नावाचे एक गलबत खडकावर आपटून फुटले. गलबतावरील माल किनाऱ्यावरच्या लोकांनी लुटला, असा आरोप करून डच सरकारने बडुंगच्या राजाकडे भरपाई मागितली. राजाने ती साफ नाकारली. डचांना निमित्तच हवे होते. सप्टेंबर १९०६ मध्ये त्यांचे सैन्य सानुरला उतरले आणि आरमाराने राजधानी देनपसारवर तोफा डागल्या. २० सप्टेंबरला सैन्य राजवाड्याकडे चालून आले, तेव्हा समोरून जे आले ते लढाईला निघालेले सैन्य नव्हते. पांढरी वस्त्रे नेसलेला, अंगभर दागिने ल्यालेला राजपरिवार बाहेर पडत होता. पुढे पालखीत राजा, मागे राण्या, मुले, पुरोहित, सेवक. बहुतेकांच्या हाती क्रिस, म्हणजे तेथील नागमोडी पात्याची कट्यार. काही अंतरावर पालखी थांबली आणि पुरोहिताने राजाच्या छातीत क्रिस खुपसला, असे वर्णन आढळते. उरलेल्यांनी बंदुकांवर चाल केली, किंवा एकमेकांना आणि स्वतःला संपवले. स्त्रियांनी सैनिकांच्या अंगावर सोन्याची नाणी तिरस्काराने फेकली. मृतांचा आकडा सुमारे एक हजार धरला जातो. बाली भाषेत याला ‘पुपुतान’ म्हणतात; म्हणजे अखेर, शेवट.

२८ एप्रिल १९०८ रोजी क्लुंगकुंग येथेही हेच घडले, आणि बालीचे शेवटचे स्वतंत्र राज्य नाहीसे झाले. तेथील राजवाडा जमीनदोस्त झाला. उरले एक प्रवेशद्वार आणि ‘कर्ता गोसा’ नावाचा न्यायमंडप. या मंडपाच्या छताची चित्रे पाहण्यासाठी प्रवासी आज आवर्जून जातात. आपल्या आईबापांच्या सुटकेसाठी भीम यमलोकात जातो, आणि तेथे पापी लोकांना होणाऱ्या शिक्षा त्याला दिसतात, असा त्या चित्रांचा विषय आहे. आरोपीने मान वर केली की त्याला नरकच दिसावा, अशी ही योजना. चित्रे वेळोवेळी नव्याने काढलेली आहेत, विषय तोच राहिला. ज्या द्वारातून आपण आत आलो त्यामागे पूर्वी एक राजकुल नांदत होते, याची आठवण मात्र फार थोड्यांना होते.

पुपुतानच्या बातम्यांनी युरोपात डचांवर टीकेची झोड उठली. मग राज्यकर्त्यांनी बालीची संस्कृती जपणारे म्हणवून घेण्यास आरंभ केला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डच आगबोट कंपनी प्रवाशांना आणू लागली. देनपसारमध्ये पुपुतानच्या जागेजवळच १९२८ मध्ये ‘बाली हॉटेल’ उभे राहिले आणि १९३२ मध्ये तेथील संग्रहालय खुले झाले. हत्याकांड आणि हॉटेल यांत अवघी बावीस वर्षे! केचक नृत्यही याच काळातले. ‘सांघ्यांग’ या अंगात येण्याच्या धार्मिक विधीत पुरुषांचा वृंद तालात आवाज काढीत असे. जर्मन चित्रकार वाल्टर स्पीस आणि बालीचे नर्तक वायान लिंबाक यांनी त्या वृंदाला रामायणाच्या कथेची जोड दिली, आणि १९३० नंतरच्या काळात केचक प्रेक्षकांसमोर आले. म्हणून ते खोटे ठरत नाही. कलावंतांनी ते आपलेसे केले आहे. परंतु ‘अनादि काळापासून चालत आलेले’ असे जे सांगितले जाते, ते शंभर वर्षांहूनही कमी जुने आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असावे.

दुसरा रक्तपात स्वतंत्र इंडोनेशियातला. १९६५ च्या अखेरीस कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून देशभर माणसे मारली गेली. सैन्य आणि त्याने हाताशी धरलेल्या टोळ्या यांनी एकट्या बालीत काही महिन्यांत सुमारे ८०,००० लोक मारले, असा अंदाज केला जातो. म्हणजे लोकसंख्येतील शंभरांत चार-पाच माणसे. १९६६ मध्ये सानुरच्या किनाऱ्यावर जपानने युद्धभरपाईपोटी दिलेल्या पैशांतून बांधलेले दहा मजली हॉटेल उघडले. १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळही सुरू झाला. त्याला ‘ङुराह राय’ यांचे नाव आहे. २० नोव्हेंबर १९४६ रोजी मार्गा येथे, परत आलेल्या डचांशी लढताना, आपल्या ९५ साथीदारांसह अखेरपर्यंत न हटता मरण पत्करणारा हा तरुण सेनानी. त्या लढाईलाही बालीचे लोक पुपुतानच म्हणतात. म्हणजे प्रवाशाचे पहिले पाऊल पडते तेच एका पुपुतानच्या नावावर!

१२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री कुटा येथील बाँबस्फोटांत २०२ माणसे मेली. त्यांत अनेक देशांचे प्रवासी होते. तेथे आज सर्व मृतांची नावे कोरलेले स्मारक आहे. देनपसारच्या मैदानात १९०६ च्या वीरांचेही स्मारक आहे. १९६५ च्या मृतांसाठी मात्र एका कुटुंबाने आपल्या घराच्या आवारात छोटेसे स्मृतिस्थान केले आहे. सहलीच्या यादीत ते क्वचितच सापडेल. कोणाचे स्मरण दगडात कोरायचे आणि कोणाचे अंगणात ठेवायचे, हेही राज्यकर्तेच ठरवतात, असा याचा अर्थ.

मग बालीच्या लोकांना स्वतःला काय मोलाचे वाटते? माझ्या मते याचे उत्तर पाण्यात आहे. भातशेतांना पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळांना ‘सुबाक’ म्हणतात. प्रत्येक सुबाकचे देऊळ असते, आणि कोणी केव्हा पाणी घ्यावे, केव्हा शेते कोरडी ठेवावीत, हे देवळांच्या साखळीतून ठरते. १९७० नंतर सरकारने जास्तीत जास्त पिके काढण्याचा आग्रह धरला, जुने वेळापत्रक मोडले आणि किडीने शेते फस्त केली. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की सर्वांनी एकाच वेळी शेते मोकळी ठेवल्याने कीड उपाशी मरत होती. देवळाचे वेळापत्रक हे शेतीचेच शास्त्र होते. २०१२ मध्ये ‘युनेस्को’ने सुबाकच्या शेतांना जागतिक वारशात स्थान दिले. मात्र त्याच बेटावर शेतांच्या जागी निवासगृहे उठत आहेत आणि पाण्यासाठी हॉटेल व शेत यांच्यात ओढाताण चालू आहे. प्रवासी ज्या हिरव्या पायऱ्या पाहायला येतो, त्या त्याच्याच येण्याने आटत आहेत.

बालीत आपल्याप्रमाणेच शालिवाहन शक चालतो. त्यांचा वर्षारंभ म्हणजे ‘न्येपी’, मौनाचा दिवस. २०२३ साली शके १९४५ चा आरंभ तेथे आणि येथे एकाच दिवशी, २२ मार्चला झाला. आपण गुढी उभारली. त्यांनी दिवे मालवले. त्या दिवशी बेटावर विस्तव पेटत नाही, रस्ते ओस पडतात, विमानतळ चोवीस तास बंद राहतो, आणि परदेशी पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. ज्या बेटाचा संसार प्रवाशांवर चालतो, ते बेट वर्षातला एक दिवस प्रवाशांना सांगते की आज पाहण्यासारखे काही नाही; आज आम्ही आमच्यासाठी आहोत. बालीला जाणाऱ्याने हा एक दिवस तरी तेथे काढावा, आणि अंधारात बसून १९०६ व १९६५ ही दोन साले आठवावीत.