माळरान, माळढोक आणि जालना परिसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याचे नाव २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या असईच्या लढाईमुळे इतिहासग्रंथांत पोहोचले. परंतु ज्या माळरानावर ही सैन्ये वावरली, त्या माळरानाचा इतिहास मात्र उपेक्षितच राहिला. प्रस्तुत लेखात माळढोक या पक्ष्याच्या आधारे माळरान व त्यावरील जीवसृष्टी यांच्या परस्परावलंबनाचा विचार केला आहे.

भाषेतील पुरावा :
माळढोक आणि तणमोर या नावांतच त्या पक्ष्यांचा अधिवास दडलेला आहे. एक माळाचा, दुसरा तणाचा. लोकांनी पक्ष्याला त्याच्या भूमीपासून वेगळे मानले नव्हते. दख्खनमध्ये राखीव गवताच्या कुरणास 'रमणा' म्हणत. हा शब्दही त्या काळातील गवताचे महत्त्व सुचवितो.

छावणीकाळातील नोंदी :
एकोणिसाव्या शतकात जालना येथे लष्करी छावणी होती. मद्रास सैन्यात शल्यचिकित्सक असलेले पक्षितज्ज्ञ टी. सी. जर्डन यांनी १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'बर्ड्स ऑफ इंडिया' या ग्रंथात माळढोकाचे सविस्तर वर्णन केले. पंचवीसहून अधिक पक्ष्यांचे थवे पाहिल्याचे ते नमूद करतात. पावसाळ्यात कीटक, हिवाळ्यात उंच गवत व गव्हाची शेते आणि गवत कापले गेल्यावर नदीकाठ किंवा तलावाचा परिसर, असा या पक्ष्याचा क्रम त्यांच्या वर्णनावरून दिसतो. अर्थात माळढोक एका जागेवर नव्हे, तर माळ, शेत आणि पाणवठा यांच्या संपूर्ण ऋतुचक्रावर अवलंबून होता.

बदलते भूमिचित्र :
स्वातंत्र्योत्तर काळात हे चक्र विस्कळीत झाले. १९६४ मध्ये जालन्यात संकरित बियाण्यांच्या उद्योगाचा पाया घातला गेला. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले व त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी जिल्ह्याच्या दक्षिण भागात पोहोचले. दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्यास या बदलांनी आधार दिला, हे नाकारता येणार नाही. तथापि गवताळ माळाची गणना मात्र 'पडीक' जमिनीत होत राहिली. नांगरट, कीटकनाशके, शिकार आणि पुढे वीजवाहिन्या या सर्वांचा दाब जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या जड पक्ष्यावर पडला.

संरक्षणाचा अनुभव :
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने माळढोकास सर्वोच्च संरक्षण दिले. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर परिसरात नान्नज येथील अभयारण्य घोषित झाले. त्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौ.कि.मी. होते. त्यात गावे, शेते व खासगी जमिनी आल्याने लोकांत असंतोष निर्माण झाला आणि पुढे ते क्षेत्र पुष्कळच घटविण्यात आले. १९६९ मध्ये देशात सुमारे १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता; २०१८ च्या सुमारास तो १५० वर आला. म्हणजेच कायदा पक्ष्याला मिळाला, परंतु त्याच्या ऋतुचक्राला मिळाला नाही. आणि ज्यांच्या शेतात तो चरत असे, त्या शेतकऱ्यास या व्यवस्थेत सहभागी करून घेतले गेले नाही.

निष्कर्ष :
माळढोकाचा ऱ्हास ही केवळ एका पक्ष्याची शोकांतिका नाही. गवताला निरुपयोगी ठरविणाऱ्या दृष्टीचा तो परिणाम आहे. काळवीट, लांडगा आणि मेंढपाळांची कुरणे यांचे भवितव्यही त्याच दृष्टीशी निगडित आहे. माळावर सरसकट वृक्षलागवड करणे हेदेखील पर्यावरणरक्षण ठरत नाही. महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील गायरानांच्या नोंदी, जुने नकाशे आणि वृद्ध मेंढपाळांच्या आठवणी संकलित केल्यास माळरानाचा इतिहास लिहिता येईल. ज्या भूमीचा इतिहास लिहिला जातो, तिला पडीक म्हणणे कठीण जाते.