खो-खोचे कायदे आणि तालीम

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या ऊसपट्ट्यात, सोमेश्वरनगरसारख्या कारखान्याच्या वसाहतीत, खो-खोचे मैदान आखताना आजची मुले जी अंतरे निर्विवाद मानतात, ती एकेकाळी ठरलेलीच नव्हती. गावागणिक रिवाज निराळा आणि तालीमही त्या रिवाजाबरहुकूमच. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळास नियमांची पहिली चौकट दिली. तुलनेसाठी बास्केटबॉल पाहा: १८९१ मध्ये अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी त्याचे तेरा नियम आधी लिहिले आणि मग खेळ वाढला. याउलट आमचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या अंगणात वाढून मग कायद्यात आला, आणि माझ्या मते हेच कार्य अधिक दुर्घट होय. पण ते साधून नियम निश्चित झाल्यावरच पाठलागाची, खांबाभोवतीच्या वळणाची व हुलकावणीची तालीम सर्वत्र एकसारखी देणे शक्य झाले. पुढील फेरबदलांपूर्वी खेडोपाडीच्या शिक्षकांचा कौल अवश्य घ्यावा, एवढीच क्रीडासंस्थांस विनंती.